समनर, जेम्स बॅचेलर

(१९ नोव्हेंबर १८८७–१२ ऑगस्ट १९५५). अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ. यूरिएज हे एंझाइम (सजीवांच्या कोशिकांत तयार होणारा व जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणारा पदार्थ) स्फटिकरूपात वेगळे करून ते प्रथिन असल्याचे त्यांनी १९२६ मध्ये दाखविले. स्फटिकरूपात मिळविलेले हे पहिलेच एंझाइम होय. या कार्याबद्दल त्यांना १९४६ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा भाग जॉन हॉवर्ड नॉर्थ्रॉप व वेंडेल मेरेडिथ स्टॅन्ली या अमेरिकन शास्त्रज्ञांना विभागून देण्यात आला. शोध आणि पारितोषिक यांच्या दरम्यान गेलेल्या वीस वर्षांपैकी निदान पहिली काही वर्षे एंझाइम हा निश्चित संघटनाचा रासायनिक पदार्थ आहे की नाही, याविषयीच्या वादाने व्यापलेली होती.

समनर यांचा जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील कँटन येथे एका सधन कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज १६३६ मध्ये इंग्लंडमधून येऊन बॉस्टनच्या परिसरात स्थायिक झाले होते. त्यांचे शालेय शिक्षण रॉक्सबरी लॅटिन स्कूलमध्ये झाले. परंतु भौतिकी व रसायनशास्त्र सोडल्यास इतर विषयांत त्यांचे मन रमले नाही. त्यांना बंदुकांची व शिकारीची आवड होती आणि तीच त्यांना महाग पडली. वयाच्या सतराव्या वर्षी ते पक्ष्यांच्या शिकारीला गेले असता सोबत्याच्या बंदुकीचा बार चुकून त्यांच्या डाव्या हाताला लागला व तो हात कोपराखाली कापून टाकावा लागला. समनर मूळचे डावखुरे असल्यामुळे लिहिण्यापासूनची सर्व कामे त्यांना उजव्या हाताने नव्याने शिकावी लागली. या अपघातानंतर त्यांनी मैदानी खेळ सोडले तर नाहीतच, उलट अधिक निर्धाराने चालू ठेवले. टेनिस, बर्फावरील घसरखेळ व नेमबाजी यांत ते प्रवीण होते.

हार्व्हर्ड विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर (१९१०) त्यांनी काही काळ चुलत्यांच्या कारखान्यात काम केले. पण तेथे त्यांचे मन लागले नाही. नंतर कॅनडातील माउंट ॲलिसन महाविद्यालयात एक सत्र व वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट या संस्थेत काही काळ अध्यापन करून १९१२ मध्ये ते हार्व्हर्ड मेडिकल स्कूलमध्ये ओटो फोलीन यांच्याकडे जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. रक्त व मूत्र यांतील यूरियासारख्या नायट्रोजनयुक्त पदार्थांच्या मापनपद्धतींमुळे फोलीन यांचा त्या काळी मोठा लौकिक होता. एक हात नसलेल्या माणसाचा रसायनशास्त्रात निभाव लागणे अवघड आहे, तेव्हा कायद्याचा अभ्यास करावा, असा सल्ला त्यांनी समनर यांना दिला. तत्कालीन प्रयोगशाळेतील काम पाहता या सल्ल्यात आकस होता असे म्हणता येत नाही. काचेची नाजूक उपकरणे एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तोट्या फिरविणे, नळी तोंडात धरून द्रव मोजणे, गाळणे, हलविणे ही सर्व दोन हातांची कामे होती. समनर यांनी हा सल्ला मानला नाही. फोलीन यांनीही त्यांना अडविले नाही आणि १९१४ मध्ये समनर यांना पीएच्.डी. पदवी मिळाली. ॲमिनो अम्लांपासून शरीरात यूरिया तयार होण्याच्या प्रक्रियेत यकृताचे महत्त्व किती, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. यूरिया या संयुगाशी त्यांचा जडलेला संबंध पुढे आयुष्यभर टिकला.

पदवी मिळाल्यावर ते यूरोपच्या प्रवासास निघाले. त्याच सुमारास पहिले महायुद्ध सुरू झाल्याने ते स्वित्झर्लंडमध्ये अडकून पडले. तेथे असतानाच त्यांना कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इथाका (न्यूयॉर्क राज्य) येथील शाखेत जीवरसायनशास्त्राचे साहाय्यक प्राध्यापकपद देऊ करणारी तार मिळाली. या पदावर ते १९२९ पर्यंत व त्यानंतर प्राध्यापक म्हणून शेवटपर्यंत होते. म्हणजे त्यांचे जवळजवळ सर्व संशोधन एकाच गावी झाले. अध्यापनाचे ओझे भारी, मदतनीस जवळजवळ नाही आणि उपकरणे तुटपुंजी, अशी तेथील सुरुवातीची परिस्थिती होती. किरकोळ विषयांवर थोडेथोडे काम करून निबंध प्रसिद्ध करीत राहणे अशा परिस्थितीत सोयीचे ठरले असते. समनर यांनी नेमके उलट केले. वेळ व साधने थोडी आहेत, तर ती एखाद्या मोठ्या प्रश्नावरच खर्च करावीत, मग यश येवो वा न येवो, असे ठरवून १९१७ मध्ये त्यांनी एक एंझाइम शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे काम हाती घेतले.

हा प्रश्न मोठा का होता, हे समजण्यासाठी एंझाइमांविषयीच्या तत्कालीन कल्पना पाहणे आवश्यक आहे. मोड आलेल्या सातूच्या अर्कात स्टार्चचे शर्करेत रूपांतर करणारा पदार्थ (डायास्टेज) असतो, हे पेयन व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्येच दाखविले होते. एडुआर्ट बुखनर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये यीस्टच्या कोशिका वाटून काढलेल्या रसानेही शर्करेचे किण्वन (आंबण्याची क्रिया) होते, त्यासाठी जिवंत कोशिका लागत नाही, हे सिद्ध केले. तथापि या अर्कांतील कार्यकारी द्रव्य कोणते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एंझाइम ओळखण्याची खूण म्हणजे त्याचे कार्य एवढीच होती. ते तापविल्यास नष्ट होई, अत्यल्प प्रमाणातही प्रचंड काम करी आणि वेगळे काढू गेल्यास हातून निसटे. ‘एंझाइम’ हे एखाद्या द्रव्याचे नाव आहे की काही कलिली (सूक्ष्म कण द्रवात विखुरलेल्या अवस्थेतील) मिश्रणांच्या गुणधर्माचे, अशी शंका घेण्यास त्यामुळे पुरेशी जागा होती.

या क्षेत्रात त्या वेळी म्यूनिक येथील रिखार्ट व्हिल्श्टेटर यांचा शब्द अखेरचा मानला जात असे. हरितद्रव्याच्या संशोधनाबद्दल १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविल्यानंतर ते एंझाइमांकडे वळले होते. ॲल्युमिना व केओलीन यांसारख्या चूर्णांच्या पृष्ठभागावर एंझाइम शोषून धरावयाचे व नंतर ते तेथून सोडवावयाचे (अधिशोषण पद्धती), असे पुनःपुन्हा करून त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी काही एंझाइमे कित्येक पटींनी शुद्ध केली. अखेरीस मिळालेले विद्राव क्रियाशील होते. परंतु त्यांना प्रथिनाची एकही नेहमीची परीक्षा लागू पडत नव्हती. यावरून एंझाइम हे प्रथिन नाही, तर एखादा लहान क्रियाशील गट असून तो कोणत्यातरी कलिली वाहकावर बसलेला असतो व प्रथिन हा अशा वाहकांपैकी एक असू शकेल, एवढेच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या युक्तिवादातील उणीव आज सहज दिसते. एंझाइमाचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणूंचे विघटन करू शकतो. त्यामुळे त्याच्या कार्याची परीक्षा अतिशय संवेदनशील असते. प्रथिनाच्या रंगपरीक्षा तिच्या मानाने फारच स्थूल असतात. व्हिल्श्टेटर यांच्या विद्रावांत प्रथिन होते, पण ते परीक्षेच्या आवाक्याबाहेर विरल झालेले होते. अर्थात ही गोष्ट दुसऱ्या बाजूने काही सिद्ध झाल्याखेरीज कोणी ऐकून घेणे शक्य नव्हते.

समनर यांनी यूरिएजाची निवड केली ती योगायोगाने नव्हे. हे एंझाइम यूरियाचे पाण्याच्या साहाय्याने अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांत विघटन करते. एंझाइमाच्या अभावी ही विक्रिया इतकी मंद असते की, यूरिएजामुळे तिचा वेग सु. शंभर लाख कोटी पटींनी वाढतो असा अंदाज आहे. निर्माण झालेला अमोनिया मोजणे सोपे असल्याने एंझाइमाची क्रियाशीलता काही मिनिटांत ठरविता येते. जपानी शास्त्रज्ञ टाकेउची यांना १९०९ मध्ये सोयाबीनमध्ये यूरिएज आढळले होते आणि रक्त-मूत्रातील यूरिया मोजण्यासाठी सोयाबीनचे पीठ वापरण्याची पद्धत लवकरच रूढ झाली. पुढे १९१६ मध्ये जॅक बीन या कडधान्यात यूरिएज सोयाबीनपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. जॅक बीन (कॅनावालिया एन्सिफॉर्मिस) म्हणजे आपल्याकडे कुंपणावर किंवा मांडवावर चढविली जाणारी अबई किंवा तिची निकटची जाती होय. कोवळेपणी भाजी करण्यास योग्य असलेल्या या लांब, तलवारीसारख्या शेंगांतील पांढरे टणक बी समनर यांच्या सर्व संशोधनाचे भांडवल ठरले. बियांत एंझाइमाचे प्रमाण एवढे मोठे आहे, तर ते वेगळे करणे अशक्य नसावे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

प्रत्यक्ष काम मात्र नऊ वर्षे चालले. बियांचे पीठ पाण्यात किंवा विरल अल्कोहॉलात कालवावयाचे, गाळून घ्यावयाचे, थंड करून साका बसू द्यावयाचा व कोणत्या भागात क्रियाशीलता गेली ते पाहावयाचे, हा क्रम अनेक प्रकारे फिरवून पाहण्यात आला. यूरिएज उष्णतेने व अल्कोहॉलाने सहज बिघडत असल्यामुळे सर्व कामे गोठणबिंदूच्या जवळपास करणे इष्ट होते. परंतु समनर यांच्या प्रयोगशाळेत सुरुवातीस बर्फपेटीही नव्हती. द्रवाने भरलेली काचपात्रे ते रात्री खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवीत व रात्र पुरेशी थंड पडेल अशी आशा करीत. या खटाटोपात इतर प्रथिनेच आधी हाती लागली. बियांतील तीन ग्लोब्युलिने त्यांनी वेगळी केली व १९१९ मध्ये त्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी काँकॅनाव्हॅलीन-ए स्फटिकरूपात मिळाले होते. ही प्रथिने यूरिएज नव्हती, एवढीच त्या वेळी त्यांची किंमत होती.

याच काळात बाहेरून मिळालेला प्रतिसाद उत्साहवर्धक नव्हता. १९२१ मध्ये अमेरिका-बेल्जियम अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर एंझाइमांवरील ग्रंथांचे लेखक झां एफ्राँ यांच्याकडे ब्रूसेल्स येथे काम करण्याचा समनर यांचा विचार होता. यूरिएज वेगळे करण्याची कल्पनाच एफ्राँ यांना हास्यास्पद वाटली व तो बेत फिसकटला. समनर इथाकातील पिठाकडे परतले.

शेवटी यश आले ते अल्कोहॉलाऐवजी ॲसिटोन वापरल्याने. अबईच्या बियांचे बारीक पीठ सु. ३२ टक्के ॲसिटोन मिसळलेल्या पाण्यात कालवून ते द्रावण समनर यांनी थंडीत रात्रभर गाळण्यासाठी ठेवले. दुसऱ्या दिवशी गाळून निघालेला द्रव अगदी थोडा होता. पूर्वीच्या अनुभवाप्रमाणे त्यात विपुल अवक्षेप (साका) दिसावयास हवा होता, तो दिसला नाही. त्यातील एक थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात पूर्वी कधी न आढळलेले अत्यंत लहान अष्टफलकीय स्फटिक दिसले. केंद्रोत्सारी यंत्रात द्रव वेगाने फिरवून त्यांनी हे स्फटिक गोळा केले, पाण्यात विरघळविले व त्याची परीक्षा घेतली. विद्रावाने प्रथिनाच्या सर्व परीक्षा दिल्या आणि त्याची यूरिएज-क्रियाशीलता कमालीची मोठी होती. पहिले एंझाइम स्फटिकरूपात मिळाल्याचे समनर यांनी लगेच पत्नीला दूरध्वनीवरून कळविले. या शोधाविषयीचा त्यांचा निबंध १९२६ मध्ये जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील कृती आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही करता येईल इतकी साधी आहे: पीठ, ॲसिटोन, पाणी, गाळणकागद, थंडी. अधिशोषणाची एकही पायरी तिच्यात नाही. व्हिल्श्टेटर यांच्या शाळेत वर्षानुवर्षे चाललेल्या गुंतागुंतीच्या शुद्धीकरणानंतर ही कृती अनेकांना संशयास्पद वाटली असल्यास नवल नाही.

समनर यांचे म्हणणे असे होते की, स्फटिक पुनःपुन्हा विरघळवून नव्याने तयार केले तरी क्रियाशीलता त्यांच्याबरोबरच राहते. प्रथिन ज्या कारणांनी बिघडते त्याच कारणांनी क्रियाशीलता नष्ट होते. आणि स्फटिकांत प्रथिनाखेरीज दुसरे काही सापडत नाही. म्हणून एंझाइम म्हणजेच हे प्रथिन. उलट बाजूचे म्हणणे असे की, स्फटिक हा केवळ वाहक असून खरे एंझाइम त्याला अत्यल्प प्रमाणात चिकटलेले असेल. हे म्हणणे केवळ हटवादाचे होते असे समजणे अन्यायाचे होईल. रक्तातील हीमोग्लोबिन, अंड्यातील ॲल्ब्युमिन व अनेक बियांतील प्रथिने त्याआधीच स्फटिकरूपात मिळाली होती आणि प्रथिनांचे स्फटिक आपल्याबरोबर इतर पदार्थ ओढून आणतात हा सर्वांचा अनुभव होता. स्फटिक दिसले म्हणजे पदार्थ शुद्ध झाला असे होत नाही. एका एंझाइमाच्या एका उदाहरणावरून सर्व एंझाइमांविषयी निष्कर्ष काढणे तर अधिकच धाडसाचे होते. मात्र वादात केवळ पुरावा बोलत नव्हता. इथाकासारख्या आडबाजूच्या गावातील, फारसे नाव नसलेल्या एका साहाय्यक प्राध्यापकाने यूरोपातील अग्रगण्य प्रयोगशाळेचे मत खोडून काढावे, ही गोष्टच अनेकांच्या पचनी पडत नव्हती. यूरिएजाच्या विद्रावात प्रथिनाचे पचन करणारे एंझाइम घातले तरी क्रियाशीलता टिकते, असे काही संशोधकांनी १९३० नंतर प्रतिपादन केले. त्यालाही समनर यांनी प्रयोगांनी उत्तर दिले. पुढच्या काही वर्षांत यूरिएजावरील त्यांच्या निबंधांची संख्या सतत वाढत गेली, ती या वादामुळेच.

वादाचा निकाल प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेत लागला. नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये पेप्सीन हे जठररसातील एंझाइम स्फटिकरूपात मिळविले व त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेत कूनिट्झ यांच्या सहकार्याने ट्रिप्सीन व कायमोट्रिप्सीन ही पचनासंबंधीची आणखी एंझाइमे स्फटिकरूपात मिळाली. नॉर्थ्रॉप यांनी समनर यांच्या पुराव्यातील उणीव भरून काढली. पदार्थ एकच आहे की मिश्रण आहे, हे ठरविण्यासाठी त्यांनी विद्राव्यतेची (विरघळण्याच्या प्रमाणाची) कसोटी लावली. शुद्ध पदार्थ कितीही जास्त घातला तरी संपृक्त (आणखी पदार्थ न विरघळणाऱ्या) विद्रावातील त्याचे प्रमाण वाढत नाही, मिश्रणाचे मात्र वाढत जाते. पेप्सिनाचे स्फटिक या कसोटीला बऱ्याच अंशी उतरले. स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखूवरील केवडा रोगाचा व्हायरस स्फटिकरूपात मिळविल्यावर, सजीवांशी निगडित असलेली कार्ये विशिष्ट महारेणूंकडे असतात ही कल्पना जीवरसायनशास्त्रात दृढ झाली. १९४६ च्या पारितोषिकातील तीन नावांचा परस्परसंबंध हा असा आहे. पेप्सिनाच्या कामात साधने व मनुष्यबळ अधिक होते, पुरावा अधिक काटेकोर होता. परंतु वाट चार वर्षे आधी पाडली गेली होती.

दरम्यान समनर यांनी यूरिएजाचा अभ्यास वेगवेगळ्या बाजूंनी केला. प्राण्याच्या रक्तात यूरिएज टोचल्यास रक्तातील यूरियापासून अमोनिया निर्माण होऊन तो प्राणी दगावतो. सशांना प्रारंभी अत्यल्प व नंतर क्रमाने वाढती मात्रा दिल्यास त्यांच्या रक्तात यूरिएजाला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड तयार होते, हे त्यांनी कर्क यांच्यासमवेत दाखविले (१९३१). एंझाइम प्रतिपिंड निर्माण करते याचा अर्थ ते प्रथिनांच्या वर्गातील असले पाहिजे, असा आणखी एक आधार यातून मिळाला. १९३७ मध्ये गुगेनहाइम अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर ते स्वीडनमधील अप्साला येथे स्व्हेडबेरी यांच्या प्रयोगशाळेत पाच महिने होते. तेथील अतिवेगवान केंद्रोत्सारी यंत्राच्या साहाय्याने यूरिएजाचा रेणुभार सु. ४,८३,००० ठरविण्यात आला. नंतरच्या मापनांत तो याहून काहीसा अधिक आढळला. त्याच वर्षी त्यांना स्टॉकहोम येथे शेले पदक देण्यात आले.

समनर यांचे नाव यूरिएजाशी इतके जोडले गेले की त्यांची इतर कामे झाकोळली गेली. ती कमी महत्त्वाची नव्हती. मूत्रातील शर्करा मोजण्यासाठी डायनायट्रोसॅलिसिलिक अम्लाचा उपयोग त्यांनी १९२१ मध्ये सुचविला. शर्करेमुळे या पिवळ्या विक्रियाकारकाचे क्षपण होऊन नारिंगी-तांबडा रंग येतो व त्याच्या गडदपणावरून शर्करेचे प्रमाण काढता येते. काही सुधारणांसह ही पद्धत भारतातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही नित्याची आहे. ती वापरणाऱ्या फारच थोड्या विद्यार्थ्यांना ती कोणाची हे माहीत असते. डाउन्स यांच्याबरोबर त्यांनी १९३७ मध्ये गाईच्या यकृतातून कॅटॅलेज हे हायड्रोजन पेरॉक्साइडाचे विघटन करणारे लोहयुक्त एंझाइम स्फटिकरूपात मिळविले. १९१९ मध्ये बाजूला पडलेले काँकॅनाव्हॅलीन-ए रक्तातील तांबड्या कोशिका एकत्र चिकटविते व त्याचा विशिष्ट शर्करांशी बंध जुळतो, असे त्यांनी हॉवेल यांच्यासमवेत १९३६ मध्ये दाखविले. कोशिकांच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त प्रथिनांच्या अभ्यासात व प्रतिरक्षाविज्ञानात हे प्रथिन पुढे अतिशय उपयुक्त ठरले. यूरिएजाच्या शोधातील हा उपपदार्थ आज प्रयोगशाळांत यूरिएजाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक वापरला जातो.

टेक्स्टबुक ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री (१९२७), सॉमर्स यांच्यासमवेत लिहिलेला केमिस्ट्री अँड मेथड्स ऑफ एंझाइम्स (१९४३) आणि मिर्बेक यांच्यासमवेत संपादित केलेला द एंझाइम्स (१९५०–५२) हे त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ होत. कॉर्नेल येथे १९४७ मध्ये एंझाइम रसायनशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन होऊन ते तिचे संचालक झाले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडेमी ऑफ सायन्सेस या संस्थेचे सदस्य म्हणून त्यांची निवड झाली. म्हणजे स्वदेशातील या संस्थेचा मान त्यांना नोबेल पारितोषिकानंतर दोन वर्षांनी मिळाला. १९५५ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्यावर ब्राझीलमधील मीनास झेराईस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एंझाइम संशोधनाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी जाण्याचे त्यांनी ठरविले होते. परंतु कर्करोग झाल्यामुळे हा बेत राहून गेला व बफालो येथे ते मरण पावले.

यूरिएजाची कहाणी समनर यांच्याबरोबर संपली नाही. त्यांचे स्फटिक केवळ प्रथिनाचे बनलेले आहेत, हा समज जवळजवळ पन्नास वर्षे टिकला. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात झर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना अबईच्या यूरिएजात निकेल ही धातू आढळली. एंझाइमात निकेल असल्याचे हे पहिलेच उदाहरण होय. प्रत्येक क्रियाशील स्थानी निकेलचे दोन अणू असतात आणि यूरियाचे विघटन त्यांच्या सान्निध्यातच होते. ते काढून घेतल्यास एंझाइम निष्क्रिय होते. लहान क्रियाशील गट व त्याला धरून ठेवणारा मोठा वाहक ही व्हिल्श्टेटर यांची कल्पना त्यांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने चुकीची होती. निकेलला हवे तसे धरून ठेवण्याचे व यूरियाचा रेणू नेमका पकडण्याचे काम प्रथिनच करते व त्यावाचून निकेल काहीच करू शकत नाही. तरीही समनर यांच्या स्फटिकांत प्रथिनाखेरीज काहीतरी होते आणि ते त्यांच्या परीक्षांच्या आवाक्याबाहेर होते, ही गोष्ट उरतेच. विरोधकांच्या परीक्षांविषयीही नेमके हेच म्हणता येते. सर्व एंझाइमे प्रथिने असतात हे विधानही पुढे मर्यादित करावे लागले. काही आरएनए रेणू उत्प्रेरकाचे कार्य करतात असे चेक व ऑल्टमन यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत दाखविले व त्यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यूरिएजाचे महत्त्व आता अनेक क्षेत्रांत जाणवते. रक्तातील यूरियाच्या मापनासाठी रुग्णालयांत ते वापरले जाते. शेतात टाकलेल्या यूरिया खतातील नायट्रोजनाचा काही भाग मातीतील यूरिएजामुळे अमोनियाच्या रूपाने हवेत निघून जातो व तो वाचविण्यासाठी या एंझाइमाला रोखणारी द्रव्ये वापरतात. जठरातील व्रणास कारणीभूत असणारे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतःभोवती यूरिएजाने अमोनिया निर्माण करून जठरातील तीव्र अम्लात तग धरतात. श्वासाच्या परीक्षेने हे जंतू ओळखण्याची पद्धतही यूरियाच्या विघटनावरच आधारलेली आहे.

एंझाइमाच्या रेणूची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहण्यासाठी चांगले स्फटिक लागतात. पहिले एंझाइम-स्फटिक ज्याचे, त्या यूरिएजाची रचना मात्र दीर्घकाळ उलगडली नव्हती. क्लेब्सिएला या जंतूतील यूरिएजाची रचना १९९५ मध्ये समनर यांच्याच कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांच्या प्रयत्नांनी ज्ञात झाली. ज्या बियांपासून समनर यांनी आपले अष्टफलकीय स्फटिक मिळविले होते, त्या जॅक बीनमधील यूरिएजाची रचना चेन्नई येथील मद्रास विद्यापीठाच्या स्फटिकविज्ञान विभागातील बालसुब्रमणियन व पोन्नुराज यांनी निश्चित केली व ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. वनस्पतीतील यूरिएजाची ज्ञात झालेली ही पहिलीच रचना होय.